न मुरलेली साखर

१

कुपीतली साखर खोटी निघाली ती भर पाहुण्यांसमोर. पडद्यावर यंत्राने निकाल दाखवला, साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि सुतकी आवाजात म्हणाले, "ही तर आपली नेहमीचीच. सरळ साखळीची." मग खोलीतल्या सगळ्यांनी मिळून धाकटीकडे पाहिले.

धाकटी म्हणजे साहेबांच्या त्या साखरेच्या प्रयोगशाळेतली सगळ्यात लहान संशोधक. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांच्या आयांनी दिलेल्या दुधातून तिने वर्षानुवर्षे खपून एक साखर वेगळी काढली होती. वजनाने ती साहेबांच्या प्रसिद्ध साखरेएवढीच आणि तिच्या रेणूची माळही त्याच मण्यांची. पण साहेबांची माळ सरळ, आणि धाकटीचे म्हणणे असे की आयांच्या दुधातल्या माळेला मध्येच एक फांदी फुटलेली आहे. ऐकणाऱ्याला वाटेल, फांदी असली काय नि नसली काय. पण बाळांच्या दुधाच्या डब्यात साहेबांची सरळ साखर जात होती, आणि डब्यावर छापलेले असे की 'हुबेहूब आईच्या दुधातली'. फांदी खरी असेल तर डबा खोटा आणि साहेबही खोटे. फांदी खोटी असेल तर धाकटी भामटी.

आज पाहुण्यांत डबेवाल्या कंपनीची माणसे होती आणि संस्थेचे विश्वस्तही. त्यांच्या डोळ्यांदेखत धाकटी भामटी ठरली. संध्याकाळच्या बैठकीत तिची पदवी काढून घेणार आणि पुन्हा कुठल्या प्रयोगशाळेच्या दारात तिला कुणी उभे करणार नाही, ही बातमी जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळीकडे पोचली. कालपर्यंत तिच्या टेबलावर टेकून चहा पिणारे लोक आज त्याच टेबलाला वळसा घालून जाऊ लागले. शिकलेल्या माणसांना वळसा घालायला कुणी शिकवावे लागत नाही.

सगळे कसे रीतसर दिसले पाहिजे, म्हणून संस्थेच्या अध्यक्षांनी बाहेरच्या तपासनीस बाईंना बोलावून घेतले. त्यांनी यावे, चार ओळींचा अहवाल लिहावा, सही करावी आणि जावे, एवढीच अपेक्षा होती. तिथेच अध्यक्षांचे चुकले, कारण त्यांनी आत्याबाईंना बोलावले होते.

२

आत्याबाई कुणाच्याही आत्या नव्हत्या. नाव पडले होते स्वभावावरून. लग्नघरात पाऊल टाकताच आधी पडद्यांना, मग नवऱ्यामुलाला आणि शेवटी मिठाला नावे ठेवणारी एक आत्या प्रत्येक कुळात असते, तशा या संशोधनाच्या कुळातल्या. उभी हयात असली यंत्रे बांधण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर कुठे निकालात पाणी घातल्याचा वास आला की लोक त्यांना बोलवत, आणि त्या गेल्या की पुन्हा बोलवत नसत.

संस्थेच्या दारातला साहेबांचा अर्धपुतळा पाहूनच त्यांचे तोंड वाकडे झाले. "जिवंतपणीच?" एवढेच त्या म्हणाल्या. अध्यक्षांना हसावे की नाही ते कळले नाही.

धाकटी मागच्या खोलीत रिकाम्या खोक्यांमध्ये बसली होती. रडून रडून नाक लाल. आत्याबाईंना रडणारी माणसे हसणाऱ्यांइतकीच नकोशी वाटत. "नाक पूस आणि सांग," त्या म्हणाल्या. "तुझ्या यंत्रात काय होतं ते आधी सांग. मला ठाऊक आहे. तुला ठाऊक आहे का ते बघायचंय."

धाकटीने नाक पुसले. "आधी बोगदा. साखरेच्या पाण्याचा बारीक फवारा सुईतून सोडायचा. रेणूंना विजेचा भार मिळतो आणि ते वायूने भरलेल्या बोगद्यातून पळतात. वजन सारखं असलं तरी अंग चोरून चालणारा गर्दीतून लवकर बाहेर पडतो, हातपाय पसरलेला धक्के खात मागून येतो. सरळ माळ आणि फांदीची माळ अशा वेगळ्या होतात."

"पुढे?"

"पलीकडे पोचले की एकेका गटाला भयंकर थंडीत पकडून ठेवायचं आणि अवरक्त प्रकाश टाकायचा. ज्याची जशी घडण, तसा तो प्रकाश खातो. तो त्याचा ठसा. दोन घडणींचा ठसा एकसारखा येत नाही."

"बरं. म्हणजे अगदीच ढ नाहीस. काल संध्याकाळी काय केलंस?"

"माझी सगळी साखर पाण्यात विरघळवली आणि कुपी बूच लावून टेबलावर मुरायला ठेवली. मग घरी गेले."

"सगळी? चिमूटभरसुद्धा मागे ठेवली नाहीस?"

धाकटीने मान खाली घातली. "साहेब प्रवासाला निघताना म्हणाले होते, पाहुणे येणार आहेत, हात आखडता घेऊ नकोस. सगळी वापर."

आत्याबाईंनी नाकातून श्वास सोडला. "आणि मुरायला म्हणजे? लोणचं घालतेस का?"

"इथे सगळे तसंच म्हणतात," धाकटी कडवटपणे म्हणाली. "साखरेच्या माळेचा शेवटचा मणी उघडा असतो. त्याचा एक हात कधी वर असतो, कधी खाली. कोरड्या स्फटिकात सगळ्यांचे हात एकाच बाजूला असतात. पाण्यात पडले की काही वर करतात, काही खाली, आणि रात्रभरात ठरलेल्या वाटणीवर येऊन थांबतात. बोगद्यात म्हणून एकाच साखरेचे दोन उंचवटे दिसतात, एक वरच्या हातवाल्यांचा, एक खालच्या. ताजं पाणी घातलं तर उंचवटे दर वेळी वेगळे येतात. म्हणून मी रात्रभर ठेवते. मुरलं की मग रोज तेच."

"आणि सकाळी?"

"सकाळी मी पाहुण्यांच्या थोडी आधी आले. कुपी जागेवरच होती. फक्त यंत्राची सुई... काल जाताना मी नवी सुई लावली होती. सकाळी पाहते तर तिचं टोक वापरलेलं. मला वाटलं आमच्या उपप्रमुखाने, त्या जावयाने, काहीतरी चाचणी घेतली असेल. दुसरी लावली." ती थांबली. मग हळूच म्हणाली, "आत्याबाई, हे त्यानेच केलंय. काल मी गेले तेव्हा इथे तो एकटाच होता."

३

जावई खरोखरच जावई होता. साहेबांच्या मुलीशी लग्न झाले त्याच वर्षी तो प्रयोगशाळेचा उपप्रमुख झाला, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही असे तो न विचारता सांगत असे. आयत्या बिळावरचा नागोबा निदान फणा तरी काढतो. याला तेवढाही उत्साह नव्हता.

"काल संध्याकाळी तुम्ही काय करत होतात, जावईबापू?"

"यंत्र थंड करायला लावलं. पाहुण्यांच्या खुर्च्या मोजल्या. मग पाहुण्यांसोबत जेवायला गेलो. सकाळी त्यांच्याबरोबरच नाश्ता केला आणि त्यांच्याच गाडीतून इथे आलो. एक क्षणही त्यांना सोडलं नाही."

"कंपनीची माणसं सोडण्यासारखी नसतातच. यंत्रात काही घातलंत? सुई वापरलीत?"

"छे. मी सुईला हात लावत नाही. फुटते ती." हे मात्र आत्याबाईंना पटले. या माणसाने फुटण्याजोग्या कशालाही हात लावला असेल असे वाटत नव्हते.

"धाकटीची कुपी पाहिलीत?"

"टेबलावर होती ना. मुरत होती." तो हसला. "आमच्याकडे हा जुना विनोद आहे. सासरे तर म्हणतात, हिला यंत्र कशाला, चार बरण्या द्या."

आत्याबाईंनी त्याच्याकडे पालीकडे पाहावे तसे पाहिले आणि त्याला जायला सांगितले.

मग आला आचारी. हा साखरा बनवणारा रसायनज्ञ; एकेक मणी जोडून माळा शिजवायचा, म्हणून आचारी. बाजारातून आणलेल्या सरळ साखरेची मोठी बाटली त्याच्याच कपाटात होती. वर मागच्याच महिन्यात धाकटीने त्याची एक साखर भेसळीची आहे असे भर बैठकीत दाखवून दिले होते. बसायच्या आधीच त्याला घाम फुटला होता.

"काल संध्याकाळी मुलीच्या शाळेत नाटक होतं. ती झाड झाली होती. मी शेवटपर्यंत होतो," तो घाईघाईने म्हणाला.

"झाडाचा बाप शेवटपर्यंत थांबला, म्हणजे माणूस वाईट नसावा. आणि सकाळी?"

"सकाळी लवकर आलो. तेव्हा फक्त साहेब आले होते, प्रवासातून बॅगेसकट थेट इथेच. मी गॅसची नळकांडी आणायला खाली गोदामात गेलो, तिथे बराच वेळ मोडला. वर आलो तेव्हा धाकटी आली होती."

"तुमची बाटली?"

"कुलपात. पण आत्याबाई, मला तिच्यावर सूडच घ्यायचा असता तर मी माझीच साखर घातली असती, बाजारची नाही."

"तुमची का नाही घातलीत मग?"

"घातली असती तर लगेच सापडलो असतो. मी शिजवतो त्या प्रत्येक माळेच्या शेवटच्या मण्याला शेपूट जोडतो. शेपूट लागली की त्याचा हात बांधला जातो, वर-खाली होत नाही. बोगद्यात एकच उंचवटा येतो. आज पडद्यावर दोन होते ना?"

"होते म्हणतात," आत्याबाई म्हणाल्या, आणि बोलता बोलता थांबल्या. पडद्यावर दोन उंचवटे होते हे सगळ्यांनी पाहिले होते. ते कसे होते, हे कुणीच सांगितले नव्हते.

४

यंत्राच्या खोलीत जाऊन त्यांनी सकाळचा निकाल पुन्हा उघडला. वर ठळक अक्षरांत यंत्राचा निवाडा होता, सरळ साखळी, आणि त्यापुढे मोठा आकडा, खात्रीचा. खोलीभर विद्वानांनी तेवढेच वाचले होते. शाळेतल्या पोरांना निदान उत्तराबरोबर रीत दाखवावी लागते. पदव्या मिळाल्या की तीही अट सुटते.

त्या निवाड्याखाली बोगद्याची रेघ होती. तिच्यावर एक उंचच उंच उंचवटा, आणि शेजारी दुसरा, इतका बुटका की पाहुण्यांपैकी कुणाला तो धूळ वाटला असेल.

आत्याबाई खुर्चीत मागे टेकल्या. ही साखर मुरलेली नव्हती.

रात्रभर पाण्यात राहिलेल्या साखरेचे हात कधीच वाटले गेले असते. दोन्ही उंचवटे आपापल्या ठरलेल्या उंचीचे दिसले असते. या साखरेला वर-खाली करायला वेळच मिळाला नव्हता. कुणीतरी कोरडे स्फटिक पाण्यात टाकले आणि ते पाणी लगोलग सुईत गेले. म्हणजे काल संध्याकाळी टेबलावर ठेवलेले पाणी हे नव्हेच. धाकटीचे पाणी ओतून देऊन कुपीत दुसरे भरले गेले ते आज सकाळी, पाहुणे यायच्या जरा आधी.

जावई सुटला. सकाळभर तो कंपनीच्या माणसांना चिकटून होता, आणि त्या चिकटण्याचा त्याला आयुष्यात पहिल्यांदाच उपयोग झाला होता. उरले आचारी, साहेब आणि खुद्द धाकटी. हो, तीसुद्धा. तीही सकाळी इथे होती. रडते म्हणून माणूस निर्दोष असतो, असे आत्याबाई मानत नव्हत्या.

त्यांनी आचाऱ्याला बोलावले. "तुमची बाटली आणा. चार दाणे पाण्यात टाका आणि लगेच यंत्रात घाला. माझ्यासमोर."

आचाऱ्याने ते केले. रेघ उमटली. एक उंच, एक बुटका. अगदी सकाळसारखी दिसत होती, आणि आचाऱ्याचा चेहरा पांढरा पडला.

"माझ्या बाटलीतलीच आहे," तो पुटपुटला. "पण मी नाही केलं."

"गप्प बसा जरा. बोगद्याने काम केलं, आता प्रकाशाला बोलू द्या."

५

उंच उंचवट्याचा अवरक्त ठसा पडद्यावर आला. आत्याबाईंनी तो सकाळच्या ठशाशेजारी ठेवला. दोन्ही ठसे सरळ साखरेचेच होते, यंत्रही तसेच म्हणत होते. पण ते एक नव्हते.

"नीट बघा," त्या म्हणाल्या. "तुमच्या दाण्यांचे हात खाली आहेत. सकाळच्या साखरेचे वर. उंचवटा उंच आहे म्हणून तुम्ही घाबरलात. कोण उंच आहे ते पाहिलंत का?"

आचारी पडद्याच्या इतका जवळ गेला की नाक टेकेल. "वर? पण बाजारचे सगळे स्फटिक खालच्या हाताचेच असतात. थंड पाण्यात पाडतात ना ते."

"मग वरच्या हाताचे कसे मिळतात?"

"पाणी उकळत असतानाच स्फटिक पाडायचे. फार कटकटीचं काम. आता कोण करतंय? ही जुन्या लोकांची पद्धत."

आत्याबाई उठल्या. साडीचा पदर खोचला आणि जुन्या लोकांना भेटायला गेल्या.

साहेबांची खोली म्हणजे साहेबांचे देऊळ होते. भिंतीवर साहेब हार घालून घेताना, साहेब हार घालताना, साहेब नुसतेच. टेबलामागे काचेचे कुलूपबंद कपाट, आणि त्यात पदकांच्या मधोमध मखमलीवर एक जुनी कुपी.

"या, आत्याबाई," साहेब म्हणाले. "वाईट झालं हो. मुलीसारखी होती मला. अहवालात फार कठोर लिहू नका. तरुण वय, नावाची घाई."

"नावाची घाई वाईटच," आत्याबाई म्हणाल्या. "साहेब, अहवालाला एक नमुना जोडायचाय. खरी सरळ साखर कशी असते, त्याचा. बाजारच्या बाटलीतली जोडू का?"

साहेबांना ते लागले. "बाजारची कशाला? ही काय, आहे ना." ते कपाटाकडे वळले आणि आवाजात ऊब आली. "माझी पहिली साखर. तेव्हा बोगदा नव्हता की थंडी नव्हती. पातेलं उकळत ठेवून, रात्रीची झोप मोडून, एकेक स्फटिक पाडला मी. सगळ्या जगाने सरळ साखळी पाहिली ती याच कुपीत."

"आणि कुलूप?"

"किल्ली माझ्याच जुडग्यात. प्रवासातसुद्धा सोबत असते. बायकोला देत नाही, तर जावयाला काय देणार?" ते हसले, कुलूप काढले, आणि चिमूटभर साखर स्वतःच्या हाताने आत्याबाईंच्या कागदावर ओतली.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. या माणसाने ती स्वतः उघडून दाखवली, वर भाषणही केले. साखर ती साखर, सरळ ती सरळ, एवढेच त्याला ठाऊक होते. हात वर की खाली यावर त्याने आपल्या पुस्तकात एक अख्खे प्रकरण लिहिलेले होते. पण लिहून झाले की विसरायचे, हीच त्या थोरांची रीत. नमुना मुरवायला त्याने बरीच वर्षे हात लावला नव्हता, मुरवणाऱ्या पोरीला हसायला मात्र हात लागत नाही.

आत्याबाईंनी पुडी बांधली आणि नम्रपणे आभार मानले. एवढ्या नम्र त्या फार क्वचित होत, आणि जे त्यांना ओळखत होते ते अशा वेळी सावध होत. साहेब त्यांना ओळखत नव्हते.

६

बैठकीला विश्वस्त, साहेब, जावई आणि आचारी होते. धाकटी दाराजवळच्या खुर्चीत होती. तिला टेबलाशी कुणी बोलावले नव्हते.

आत्याबाईंनी तीन रेघा आणि त्यांचे ठसे भिंतीवर दाखवले. सकाळची, आचाऱ्याच्या बाटलीची, आणि कागदाच्या पुडीतल्या साखरेची. "सकाळची साखर मुरलेली नव्हती, म्हणजे पाहुणे यायच्या जरा आधी पाण्यात पडलेली. तिचे हात वर होते, या पुडीतल्या साखरेसारखेच, म्हणजे बाजारची नव्हे. असे वरच्या हाताचे स्फटिक या इमारतीत एकाच ठिकाणी आहेत. साहेबांच्या कपाटात. त्याची किल्ली साहेबांच्या जुडग्यात. धाकटीकडे नव्हती, आचाऱ्याकडेही नव्हती. जावईबापू, तुमच्याकडेही नव्हती, हे ऐकून तुम्हाला वाईट वाटलं असेल."

साहेब मोठ्याने हसले. "साखरेचा हात पकडून मला चोर ठरवताय? उद्या पाय दाखवाल. मी कशाला करीन असं? ही मुलगी चुकीची होती. आज ना उद्या आपोआप उघडी पडलीच असती."

"अगदी हाच प्रश्न मलाही पडला," आत्याबाई म्हणाल्या. "ती चुकीची असती तर तुम्हाला काहीच करावं लागलं नसतं. आरामात खुर्चीत बसून तमाशा बघायचा. तुम्ही साखर बदललीत, याचा अर्थ ती बरोबर आहे हे तुम्हाला कळलेलं होतं. आणि कळलं कसं? तिने लावलेली नवी सुई सकाळी वापरलेली निघाली. आचारी गोदामात होता तेव्हा तुम्ही तिची साखर आधी यंत्रात घालून पाहिलीत."

साहेबांच्या तोंडचे हसू ओठावरच राहिले. ते कसे गोळा करून घ्यावे ते त्यांना कळेना.

अध्यक्षांनी घसा साफ केला. असा घसा साफ करणे हेच त्यांचे अध्यक्षपद होते. "आत्याबाई, आपण सगळे सुज्ञ आहोत. मुलीवरचा आरोप मागे घेऊ. तिची पदवी शाबूत. साहेब प्रकृतीच्या कारणाने निवृत्त होतील. घरातलं घरात राहील. डब्याची बाब नंतर बघू."

"नंतर म्हणजे बाळं मोठी झाल्यावर का?" आत्याबाई म्हणाल्या. त्यांना त्या टेबलाचा, त्यावरच्या पाण्याच्या बाटल्यांचा आणि त्या सुज्ञ चेहऱ्यांचा मनापासून वीट आला होता. आपण खरे शोधले तरी हे लोक त्याला गुंडाळून कपाटात ठेवणार, हे त्यांना आधीपासून माहीत होते, आणि तरी राग आला.

तेव्हा धाकटी उठली. तिच्या नाकाची लाली आता गेली होती. ती टेबलाला वळसा न घालता सरळ साहेबांसमोर येऊन उभी राहिली.

"माझं पाणी कुठे गेलं?" तिने विचारले.

साहेब कुणाकडेच पाहत नव्हते. "मोरीत," ते म्हणाले.

"सगळं?"

"सगळं."

किती आयांनी, स्वतःचे बाळ काचेच्या पेटीत असताना, तिला दूध काढून दिले होते, हे धाकटीने सांगितले नाही. ते सांगण्याच्या लायकीचा तिथे कुणी नाही असे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. आत्याबाईंना ती त्या क्षणी अतिशय आवडली.

"ओतायच्या आधी तुम्ही पाहिलंत ना?" धाकटी म्हणाली. "बोगदा आणि ठसा, दोन्ही? काय दिसलं तेवढं सांगा. निवृत्त व्हा, पुतळा ठेवा, काय करायचं ते करा. मला एवढंच सांगा."

"साहेब, उत्तर द्यायची काही गरज नाही," अध्यक्ष घाईने म्हणाले.

"पप्पा, बोलू नका," जावई म्हणाला.

साहेबांनी वर पाहिले. एवढी वर्षे लोकांकडून ऐकून घेतलेली सगळी 'वाहवा' त्यांच्या तोंडावरून उतरली होती आणि खाली एक थकलेला म्हातारा उरला होता, ज्याला एकेकाळी साखर खरोखर कळत असे. खोटे बोलायला आता काही अडचण नव्हती. पण जे डोळ्यांनी पाहिले त्याबद्दल खोटे बोलणे त्याला, का कोण जाणे, या एका ठिकाणी जमले नाही.

"फांदी होती," ते म्हणाले. "तिसऱ्या मण्यावर. दोन्ही उंचवट्यांत. ठसा अगदी स्वच्छ होता. तू म्हणत होतीस तशीच होती."

डबेवाल्यांचा माणूस बैठकीला नव्हता, म्हणून ते वाक्य कुणी मध्येच तोडले नाही.

धाकटीने मान डोलावली. साहेबांचे आभार मानले नाहीत, त्यांच्याकडे पुन्हा पाहिलेही नाही. ती अध्यक्षांकडे वळली.

"हे वाक्य लिहून घ्या," ती म्हणाली. "जसंच्या तसं, आणि खाली त्यांची सही घ्या. माझ्या साखरेचं आता तेवढंच उरलंय."

अध्यक्ष साहेबांकडे पाहू लागले, मग जावयाकडे, मग दाराकडे. आत्याबाईंनी आपले पेन काढले, टोपण उघडले आणि त्यांच्या पुढ्यात ठेवले.